मासा वाचणार नसेल तर: घरच्या घरी, त्रास न देता

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे सहा वर्षांचा ओरांडा गोल्डफिश आहे. महिनाभरात त्याचं पोट फुगत गेलं, आता अंगावरचे खवले उभे राहिलेत, आठवडाभर त्याने काही खाल्लेलं नाही आणि टाकीच्या कोपऱ्यात तळाशी पडून असतो. दुकानदाराने दिलेलं पिवळं औषध घालून झालं, खडे मीठही घालून झालं. आता तोच दुकानदार म्हणतो, फ्रीझरमध्ये ठेवा, झोपेतच जाईल. शेजारी म्हणतात, खाडीत नाहीतर तलावात सोडून द्या. सासूबाईंचं म्हणणं, आपण हात लावायचा नाही, जायचा तेव्हा तो जाईल. ताईंचा प्रश्न असा, की त्याला त्रास न होता घरीच काही करता येतं का, आणि ते करावं का?

करता येतं. मी ठाण्यात पशुवैद्यक आहे. माझ्याकडे कुत्री-मांजरंच जास्त येतात, पण फ्लॉवरहॉर्न, अरोवाना, गोल्डफिश पाळणारेही येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा शेवटचा प्रश्न हाच असतो. तेव्हा जरा सविस्तरच लिहिते. पद्धत अवघड नाही. ती का तशी करायची हे समजलं नाही, तर मात्र हात घाईत चुकतो.

आधी मासा खरंच त्या टप्प्याला आलाय का ते बघू. ‘आता हा जातोय’ म्हणून दाखवलेल्या माशांपैकी कितीतरी मासे आजारी नसतातच, त्यांचं पाणी आजारी असतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकत असतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खडीत राहतात. आपल्याकडे रविवारी टाकीवाला येतो, सगळं पाणी उपसतो, खडी चोळून धुतो, स्पंज नळाखाली पिळतो. टाकी लखलखीत होते आणि ते जिवाणू नळाच्या क्लोरीनने मरून गेलेले असतात. मग दोन-चार दिवसांत मासा वर येऊन धापा टाकतो, पंखांवर लाल रेषा उमटतात, खाणं सुटतं. नळाचं पाणी बंद असलेल्या शटडाऊनच्या दिवशी सोसायटीत टँकर आला असेल तर विचारूच नका. म्हणून पहिलं काम, अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट आणून पाणी तपासा. दुकानात ते मिळतं आणि औषधांच्या चार बाटल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. आकडा चढलेला असेल तर एक तृतीयांश पाणी बदला, नव्या पाण्यात क्लोरीन मारायला हायपो घाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. अमोनियाने अर्धमेला झालेला मासा असा सुधारताना मी अनेकदा पाहिलाय.

दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे उलटा तरंगणारा गोल्डफिश. ओरांडा, रांचू, रायुकिन ही गोलमटोल शरीराची मंडळी. त्यांची आतडी आणि हवेची पिशवी लहानशा जागेत दाटीवाटीने बसवलेली असतात. वर तरंगणारे दाणे खाताना मासा हवाही गिळतो, पोट बिघडतं, आणि तो पोट वर करून तरंगायला लागतो. दिसायला भयंकर दिसतं. पण असा मासा दाणा टाकल्यावर तडफडत का होईना दाण्याकडे येतो. तो मरायला टेकलेला नाही. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटारचा दाणा आणि पुढे कायमचं बुडणारं खाद्य, एवढ्यावर बरेचसे मार्गी लागतात. जो मासा खातोय त्याला मारायची घाई करू नका.

ताईंच्या माशाचं तसं नाही. खवले फणसाच्या सालीसारखे उभे राहणं याला ड्रॉप्सी म्हणतात. तो स्वतंत्र रोग नाही, आतलं काहीतरी कोसळल्याची ती खूण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांतून आणि कातडीतून पाणी सतत शिरत असतं, आणि मूत्रपिंड ते सतत बाहेर फेकत असतं. मूत्रपिंड थकलं की पाणी आत साठतं, पोट फुगतं, खवल्यांखाली पाणी भरून ते उचलले जातात. अगदी सुरुवातीला, एखाद्या बाजूचे थोडे खवले उचललेले असताना, औषध आणि एप्सम सॉल्ट देऊन काही मासे परत येतात. दोन्ही बाजूंचे सगळे खवले उभे, डोळे बाहेर आलेले, आठवडाभर अन्न बंद आणि जवळ हात नेला तरी हालचाल नाही, अशा अवस्थेतून परत येणारा मासा अपवादानेच. पाणी तपासून ठीक निघालं, तर ताईंनी निर्णय घेण्यात काही गैर नाही. स्नायू दिसेपर्यंत खोल गेलेली जखम, तोंड किंवा कल्ला बंद करणारी गाठ, चांगल्या पाण्यातही दिवसेंदिवस चाललेली धाप, यांनाही हेच लागू.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. आपल्या हाताने जीव घ्यायचा नाही, ही भावना खोटी नाही, आणि फार तर एक-दोन दिवसांचा प्रश्न असेल तर टाकीचा दिवा बंद करून माशाला शांत पडू देणंही योग्यच. पण ड्रॉप्सी एका रात्रीत संपत नाही. फुगलेल्या अंगाने मासा कित्येक दिवस, कधी आठवडे काढतो. आणि माशाला कळत नाही असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. २००३ साली स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राऊट माशाच्या डोक्यावर वेदना टिपणारे मज्जातंतू शोधून दाखवले. ओठांत ॲसिडचं इंजेक्शन दिलेले मासे खाणं सोडून बसले, काही तर ओठ खडीवर घासत राहिले. हे सासूबाईंना वाद म्हणून ऐकवू नका, माहिती म्हणून सांगा. हेही सांगता येईल, की अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न गेला की ‘घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं’ असं म्हणणाऱ्या घरांतही तो शेवटचे दिवस कसे काढतो याची चिंता असतेच.

आता मुद्द्याचं. घरगुती उपाय म्हणून जे सांगितले जातात, त्यातले बहुतेक माशाची हालचाल थांबवतात. जाणीव थांबवत नाहीत. मासा ओरडत नाही, त्यामुळे हलायचा थांबला की आपल्याला वाटतं शांत झाला. म्हणून कुठलाही उपाय तपासताना एकच विचारा, माशाचं भान आधी हरपतं की श्वास आधी तुटतो? भान आधी गेलं पाहिजे.

या कसोटीला फ्रीझर लावून बघा. थंडीने माशाचे स्नायू आधी मंदावतात, तो हलत नाही, पण जाणीव कधी गेली हे बाहेरून कळायला मार्ग नसतो, आणि त्याच वेळी कल्ल्यांत आणि कातडीत बर्फाचे स्फटिक धरू लागतात. त्यात गोल्डफिशला तर फ्रीझर मुळीच नको. तो मुळात थंड पाण्याचा मासा, आणि प्राणवायू नसताना जगण्याची त्याची एक अजब तऱ्हा आहे. ऑक्सिजन संपला की बहुतेक प्राण्यांच्या शरीरात लॅक्टिक ॲसिड साचून ते मरतात. गोल्डफिश त्याचं अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. थंड पाण्यात तर असा तो बराच काळ तग धरतो. घोडबंदर रोडच्या एका घरी अर्ध्या तासाने फ्रीझरमधून काढून कुंडीत पुरायला नेलेल्या शुबंकिनचे (हाही गोल्डफिशचाच एक प्रकार) कल्ले परत हलायला लागले होते. त्या घरच्या मुलीने ते पाहिलं. पुढचं सांगत नाही.

बर्फाच्या पाण्याचा उपाय बऱ्याच जणांनी वाचलेला असतो. तो प्रयोगशाळेतल्या झेब्राफिशसारख्या, साधारण दीड इंचापेक्षा लहान, उष्ण पाण्यातल्या माशांसाठी आहे. पाणी २ ते ४ अंशांवर नेमकं राखायचं, बर्फ माशाला लागू द्यायचा नाही, अशा अटींसकट. फायटर, गोल्डफिश, मोठा मॉली यांच्यासाठी तो नाही, आणि स्वयंपाकघरातल्या पातेल्यात त्या अटी पाळल्याही जात नाहीत.

पाण्याबाहेर काढून ठेवणं म्हणजे सरळ गुदमरणं. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या हवेत एकमेकींना चिकटतात, आणि गोल्डफिशला मरायला फार वेळ लागतो. संडासात सोडून फ्लश करणं तर जिवंतपणी ड्रेनेजमध्ये टाकणं. भांड्याला लागलेलं टॉयलेट क्लीनर कल्ले भाजतं ते वेगळंच. ईनो किंवा सोडा पाण्यात घालायचा उपायही ऐकायला मिळतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, पाणी आम्ल होतं, आणि मासा शांत व्हायच्या आधी जीव खाऊन उड्या मारतो. गरम पाणी, आपल्या झोपेच्या गोळ्या, फिनेल यांवर लिहायलाच नको.

तलावाबद्दल मात्र लिहायला हवं, कारण तिथे माणसं चांगल्या मनाने चुकतात. मासुंदा असो, उपवन असो की तुमच्या जवळचं एखादं तळं, टाकीतला आजारी मासा तिथे सोडला की तो सुटत नाही. उलट त्याच्या अंगावरचे परजीवी आणि जिवाणू तिथल्या माशांना मिळतात. निरोगी मासा सोडणंही तितकंच वाईट. टाकीची काच साफ करायला आणलेला सकरफिश आपल्या देशातल्या कितीतरी पाणवठ्यांत असाच सोडून दिल्यामुळे पसरलाय. आणि ठाण्याची खाडी खारी. गोड्या पाण्याचा मासा तिथे सोडला की बाहेरचं मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. ज्या खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तिथे फ्लेमिंगो बघायला जावं. गोल्डफिश सोडायला जाऊ नये.

मग राहतं लवंग तेल. लवंग तेलात युजेनॉल असतं, दाताच्या डॉक्टरकडे जो वास येतो तो याचाच. पाण्यात मिसळलं की ते कल्ल्यांतून रक्तात जातं आणि मेंदूचं काम दाबतं. कमी मात्रेत गुंगी येते, जास्त मात्रेत भूल चढते, भरपूर मात्रेत आणि पुरेसा वेळ दिला तर श्वास चालवणारं केंद्रच बंद पडतं. म्हणजे भान आधी जातं, श्वास नंतर थांबतो. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पाळीव माशांसाठी युजेनॉल स्वीकारलेलं आहे. संशोधनात ट्रायकेन नावाची भूल वापरतात, पण ती आपल्याकडे घरी सहज मिळण्यातली नाही, आणि तिचं पाणी आम्ल होत असल्यामुळे त्यात खाण्याचा सोडा मोजून घालावा लागतो. घरासाठी लवंग तेलच बरं.

तेल शुद्ध हवं. मेडिकलमध्ये दातदुखीची छोटी बाटली मिळते, काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतं. जांभळी नाक्याच्या बाजारात विचारलंत तरी मिळेल. लेबलवर फक्त लवंग तेल लिहिलेलं असावं. कापूर, पुदिना किंवा दुसरं कुठलं तेल घातलेलं नको. घरी आणल्यावर पेल्यात पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडा. लवंग तेल पाण्यापेक्षा जड असतं, शुद्ध थेंब गोळी होऊन हळूहळू तळाला जातो. थेंब वरच पसरून तवंग झाला तर त्यात हलकं तेल मिसळलेलं आहे. ती बाटली दाढेसाठी ठेवा, यासाठी दुसरी आणा. सोबत सुई नसलेली १ किंवा २ मिलीची सिरिंज घ्या. थेंब मोजत बसू नका, ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो.

ताईंच्या ओरांड्यासाठी स्वच्छ बादली किंवा टब घ्या, पुन्हा टाकीसाठी वापरायची नाही अशी. लवंगेचा वास प्लास्टिक सोडत नाही. तिच्यात त्याच्याच टाकीतलं ४ लिटर पाणी घ्या. नळाचं ताजं पाणी नको. क्लोरीन आणि तापमानाचा झटका शेवटच्या क्षणी कशाला? एअर पंपाची नळी त्यात सोडून बुडबुडे मंद चालू ठेवा. हे अनेकांना उलटं वाटतं, पण मासा नीट श्वास घेत राहिला तरच औषध नीट आत जातं, आणि तो गुदमरत नाही. खोलीतला दिवा मंद करा, टीव्ही बंद करा, खिडकी उघडी ठेवा. हातात मोजे घाला, युजेनॉलने कातडीची आग होते.

लवंग तेल पाण्यात विरघळत नाही, हीच सगळ्यात जास्त चुकणारी जागा. तेल तसंच बादलीत ओतलं तर त्याचे गोळे तळाला बसतात, मासा त्यातून गेला की कल्ल्यांना थेट लागतात, तो तडफडतो, आणि माणसं म्हणतात लवंग तेल क्रूर आहे. झाकणाची छोटी बाटली घ्या. तिच्यात अर्धी बाटली कोमट पाणी आणि ०.२ मिली तेल घालून झाकण लावा आणि जोरजोराने हलवा. पाणी दुधासारखं पांढरं झालं पाहिजे, वर किंवा खाली तेलाचा थेंब दिसता कामा नये.

आता जाळीने नको, वाटीने पाण्यासकट माशाला उचलून बादलीत सोडा. फुगलेल्या अंगाला जाळीचा दाब सोसत नाही. त्याला थोडं स्थिरावू द्या. मग ते दुधाळ पाणी माशापासून दूर, बादलीच्या कडेने, हळूहळू ओता. ही पहिली हलकी मात्रा, लिटरला ०.०५ मिली. काही मिनिटांत त्याची हालचाल सैल पडते, तो कलंडतो, मग कुशीवर पडतो. कल्ले चालूच असतात. मधेच एखादं वळण घेईल, शेपटी झटकेल. ही भूल चढतानाची पायरी आहे, घाबरून त्याला बाहेर काढू नका. दहा मिनिटांत तो कुशीवर पडला नाही, तर आणखी तेवढंच तेल तसंच फेटून घाला.

कुशीवर पडल्यावर बोटाने शेपटीच्या बुडाशी हलकं दाबून बघा. काहीच प्रतिसाद नसेल तर दुसरी मात्रा. २ मिली तेल, पुन्हा कोमट पाण्यात फेटून, पुन्हा कडेने. लिटरला ०.५ मिली होते. सर्वसाधारण माशाला ०.४ मिली पुरते, गोल्डफिशसाठी मी हात थोडा सैल ठेवते. एवढ्या मात्रेने कल्ल्यांची लय तुटत जाते, मधे मोठी विश्रांती, एखादा दम, पुन्हा विश्रांती, आणि मग थांबते.

इथे घड्याळ लावा. कल्ले थांबले म्हणजे मासा मेला असं नाही. याच क्षणी घाईने बाहेर काढलेला मासा स्वच्छ पाण्यात गेला तर परत शुद्धीवर येऊ शकतो. कल्ले थांबल्यापासून साध्या माशाला किमान अर्धा तास, गोल्डफिशला किमान एक तास त्याच पाण्यात राहू द्या. ताई, तुम्ही दोन तास ठेवा. मधे चहा घ्या, बाहेर जाऊन या. त्याला आता काही कळत नाहीये. तुमचं तिथे उभं राहणं त्याच्यासाठी गरजेचं नाही.

मग खात्री करून घ्यायची. मी डोळा बघते. जिवंत माशाला पाण्यातच हातात धरून हळूच कुशीवर वळवलं, तर अंग वळतं पण बुबुळ मागे राहतं, पाण्याच्या पातळीशी समांतर राहायला धडपडतं. भूल हलकी असेल तरी डोळ्याची ही जराशी उलटी फिरकी दिसते. ती पूर्ण गेलेली असते तेव्हा डोळा अंगाबरोबर, जणू रंगवलेला, वळतो. डोळा असा वळला, कल्ला तासभर हललेला नाही आणि शेपटी दाबून काही होत नाही, म्हणजे संपलं. छातीशी क्वचित बारीक ठोका जाणवेल. माशाचं हृदय मेंदू बंद झाल्यावरही काही काळ आपल्या आपण आकुंचत राहतं, त्याने दचकू नका. तरीही मनात शंका राहिली, तर आता, आणि फक्त आताच, त्याला पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवता येतं. भान गेल्यानंतर गोठवणं ही खात्रीची दुसरी पायरी आहे.

इतर माशांसाठी थोडे फरक. गप्पी, निऑन यांना एक लिटरची बरणी पुरते, बाकी प्रमाण तेच. फायटर आणि गोरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यांच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो. त्यांनाही गोल्डफिशसारखाच जास्त वेळ द्या. एक फुटी फ्लॉवरहॉर्नला पंधरा-वीस लिटरचा टब आणि त्या हिशेबाने ६ ते ८ मिली तेल लागतं. अंगाला ताकद असते, झाकण हाताशी ठेवा. दोन फुटी अरोवाना किंवा मोठा कोई असेल तर घरी करू नका, पशुवैद्यकाला बोलवा. आम्ही त्याला टाकीतच भूल देतो आणि मग इंजेक्शन देतो.

डॉक्टर कुठे मिळेल, हा प्रश्न रास्त आहे, कारण मासे बघणारे थोडेच. जवळच्या दवाखान्यात फोन करून सरळ विचारा, मासे बघता का. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या बाई साकरबाई रुग्णालयातही चौकशी करता येईल. पण आधी फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत पाण्याचे आकडे. ड्रॉप्सी झालेला मासा पिशवीत घालून कोपरखैरण्याहून ठाणे आणि तिथून परळ अशा दोन लोकल बदलत न्यायचा, तर प्रवासातच त्याचे हाल होतात.

कायद्याचंही कधीकधी विचारतात. १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा माणूस सोडून सगळ्या जिवंत प्राण्यांना लागू आहे, त्यात मासाही आला. त्याचा आक्षेप विनाकारण क्रूर पद्धतीने मारण्याला आहे. वाचण्याची आशा नसलेल्या माशाला भूल देऊन मुक्त करणं त्यात बसत नाही.

मागचं आवरताना बादलीतलं पाणी संडासात ओता आणि वर भरपूर पाणी सोडा. टाकीत, झाडाच्या कुंडीत किंवा उघड्या गटारात नको. मासा सोसायटीच्या बागेत किंवा मोठ्या कुंडीत हातभर खोल पुरता येईल. वरवर पुरला तर मांजर उकरतं, आणि लवंग तेल मांजरांना बाधतं. जागा नसेल तर दोन पिशव्यांत बांधून ओल्या कचऱ्यात द्यायला हरकत नाही, यात अनादर वगैरे काही नाही. कुठल्याही प्राण्याला खायला मात्र घालायचा नाही.

घरात लहान मूल असेल तर ‘झोपवलं’ म्हणू नका. रात्री त्यालाही झोपायचं असतं. मासा खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, म्हणून त्याला दुखणार नाही असं औषध दिलं आणि तो मेला, एवढं पाचव्या वर्षीही समजतं. मुलाने बादलीशी उभं राहावं की नाही हे तुमच्या मुलाला बघून ठरवा. मी सहसा नको म्हणते, पुरताना बोलवा.

टाकीत दुसरे मासे असतील, तर पुढचे तीन-चार आठवडे नवीन मासा आणू नका. एक गेला की दुकानातून लगेच जोडीदार आणायची आपल्याला घाई असते, आणि तोच पुढचा आजार घेऊन येतो. जाळी ब्लीचच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात वाळवा. पाण्याचे आकडे आठवड्यातून एकदा मोजा. हाताला जखम असेल तर टाकीत मोज्याशिवाय हात घालू नका. माशांना आजारी पाडणारा एक जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मरीनम, माणसाच्या कातडीतही शिरतो. नंतर कधी बोटावर किंवा मनगटावर बरी न होणारी लालसर गाठ आली, तर त्वचेच्या डॉक्टरांना आपल्या घरी फिशटँक आहे हे आवर्जून सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही, आणि साध्या मलमाने ती जात नाही.